खेळीमेळीचं वातावरण

माइकवरून "गारेगार, या पुढे!" अशी हाक आली आणि तिचा नवरा खुर्चीवरून उठला. सगळे हसले. तीही हसली, कारण पहिल्या रांगेत बसून न हसणं बरं दिसलं नसतं. नवऱ्याला इथे या नावाने ओळखतात हे तिला आजच कळत होतं.

कोल्ड स्टोरेजमधला त्याचा हा शेवटचा दिवस होता. माल उतरवायच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ओल्या पुठ्ठ्यांचा वास येत होता. साहेबांनी त्याला फुलांचा गुच्छ आणि चाकांची एक मोठी बॅग दिली. इथलं वातावरण पहिल्यापासून कसं खेळीमेळीचं आहे तेही सांगितलं. मग माइक मुकादमाकडे गेला.

मुकादम लगेच रंगात आला. या माणसाचे बूट एकदा मटारच्या ट्रकमध्ये लपवले, तर ट्रकच निघून गेला आणि बूट परगावी फिरून आले, असं त्याने सांगितलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिला ते ऊन आठवलं. नवरा अनवाणी घरी आला होता, दोन्ही तळपायांना फोड. बूट कुठे काढले ते आठवत नाही म्हणाला. मलम लावता लावता तिने त्याची चांगलीच हजेरी घेतली होती. किती वेंधळे हो तुम्ही, काय म्हणावं तुम्हाला!

मग डब्याचा विषय निघाला. याचा डबा थंड खोलीत खोक्यांमागे दडवायचा, ही म्हणे नेहमीची मस्करी. सापडायचा तेव्हा आतलं सगळं दगड झालेलं असायचं. भुकेला माणूस खोकी कशी उचकतो ते मुकादमाने वाकून करून दाखवलं. एक जण हसून हसून खुर्चीवरून घसरला. ती मात्र पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. भरलेला डबा परत आला की ती किती फणकारायची. खायचं राहून गेलं, एवढंच तो म्हणायचा. पहाटे उठून केलेला स्वयंपाक वाया घालवणाऱ्या माणसाशी मग ती नीट बोलायचीसुद्धा नाही.

आता हे गारेगार नाव कसं पडलं ते ऐका, असं म्हणून मुकादम घोटभर पाणी प्यायला. त्या दिवशी याला घरी जायची भारी घाई होती. सारखा घड्याळाकडे बघत होता. म्हणून त्याची जरा फिरकी घ्यायची ठरली. एक खोकं आणायला याला आत धाडलं आणि बाहेरून कडी लावली. नेमका तेवढ्यात माल आला आणि याला सगळे विसरूनच गेले. दार उघडलं तेव्हा याच्या भुवया पांढऱ्याफटक झाल्या होत्या. पार आजोबा झाला होता गडी.

शेड हसण्याने दणाणली. त्या संध्याकाळी लेकीचं शाळेत नाटक होतं. शेजारची खुर्ची धरून ठेवून ती दाराकडे बघत राहिली होती. खोक्यांवर जरा टेकलो तर डोळा लागला, असं त्याने घरी आल्यावर सांगितलं. लेकीने कित्येक दिवस अबोला धरला. अजूनही ती माहेरी आली की बाबांच्या झोपेवरून टोचून बोलते. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. ते वातामुळे, असं तो सांगतो.

शेवटी साहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं, असं म्हणून तो खाली बसला. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या लोकांकडे शब्दांना तोटा नव्हता. थट्टा, मस्करी, गंमत, फिरकी. तिला एकच शब्द सुचत होता.

घरी चालत निघाल्यावर त्याने बॅग ओढायला घेतली. चाकं खडखडत होती. ती पाय ओढत मागून येत होती. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती थांबली.

"अहो, याला गंमत नाही म्हणत. छळ म्हणतात."

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग दुकानाच्या पायरीवर बसला. फार थकलेला दिसला. ती त्याच्या शेजारी टेकली. मला एका शब्दाने का नाही सांगितलंत, मी तर वर तुम्हालाच वेंधळे म्हणत राहिले, असं काहीबाही ती बोलत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. त्याने तिला बोलून घेऊ दिलं.

"तू रागवायचीस ते बरं वाटायचं गं," तो म्हणाला. "वेंधळ्या माणसाला बायको रागावते, त्यात लाज कसली? तिकडे माझे काय हाल व्हायचे ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर रोज घरी यावंसं वाटायचं."