बाहेरून कुलूप

मुलं परदेशात विकणाऱ्या टोळीत स्वयंपाकीण बनून राहिलेल्या पोलीसबाईंच्या आठवणींचं पुस्तक आईने वाचलं आणि तिचा जळफळाट झाला. टोळीने पळवलेल्या लेकीला सोडवलं त्यांनीच, पण तिचा पहिला दात पडला तो बाईंच्या तळहातावर. तापात ‘आई’ म्हणत बिलगली तीही बाईंनाच! बाई भेटायला आल्या. आईने तोंडदेखलं हसून दार उघडलं. लेक धावत आली आणि बाईंना पाहताच आईमागे लपली. “हिला घालव! ही आम्हाला बाहेरून कुलूप लावायची.” बाईंचा चेहरा पडला. आईला मनातून उकळ्या फुटल्या. खरं काय ते तिने वाचलं होतं, पण गप्प राहिलं की पोर कायमची आपलीच! बाई जिना उतरू लागल्या, तेव्हा कुठे आई लेकीकडे वळली. “लावायच्या गं, ती माणसं आत येऊ नयेत म्हणून. आणि किल्ली मुठीत धरून दाराबाहेर झोपायच्या.”