वरच्या उतारावरची लागवड

संशोधक बाईंनी जुन्या झाडाच्या खोडातून पेन्सिलीएवढी लाकडाची काडी काढली आणि वनरक्षकाच्या तळहातावर ठेवली. "वर्षाला एक रेषा पडते, शेवटच्या रेषा चिकटल्यात बघा, काका. गेली दहा वर्षं झाड जेमतेम वाढलंय. ऊन असंच तापत राहिलं तर या उतारावर ही जात टिकणार नाही." त्याने वाद घातला नाही, इथली रोपं दर उन्हाळ्यात माना टाकताना तोच बघत होता. "चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. तासभर चढल्यावर कड्याच्या गार सावलीत त्याच जातीची झाडं दिसली, कमरेएवढी, हिरवीगार. "सात वर्षांपूर्वी गुपचूप लावली. साहेबांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते." बाई हरखल्या. "सगळी जगली? अहवालात तुमचं नाव घालू?" परवानगीशिवाय लागवड म्हणजे चौकशी, आणि निवृत्तीला चारच महिने उरले होते. त्याने घाम पुसला. "घाला. पण शंभरातली चाळीस मेली, तेही लिहा."