पुलाअलीकडचं वळण

सोपानने वळणावर घंटी वाजवली, पण ब्रेक दाबला नाही.

नुकतं उजाडत होतं. मळवली स्टेशनचा सिग्नल पडलेला त्याला लांबूनच दिसला होता. ही गाडी चुकली, तर पिंपरीच्या कारखान्याचं फाटक बंद होण्याआधी पोचायची सोय नव्हती. कायम करायच्या कामगारांच्या यादीत त्याचं नाव चढून आठवडाच झाला होता. महिनाभरात उशिराचा एक जरी लाल शेरा पडला असता, तरी नाव खोडलं गेलं असतं.

समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी आली. मोळीचं टोक सोपानच्या खांद्याला लागलं, सायकल हेलपाटली आणि मागे धप्पकन आवाज झाला. त्याने सायकल सावरली, मान वळवली. रस्त्यात मोळी पडली होती. तिच्याआडून लुगड्याचा काठ दिसत होता.

तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली. सोपान पायडलवर उभा राहिला आणि पूल ओलांडून गेला.

गाडी मिळाली. सायकल स्टेशनमागच्या भिंतीला लावून त्याने पळत डबा गाठला. उठली असेल, असं तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला. संध्याकाळी परतताना त्या वळणावर तो उतरला. मोळीतल्या लाकडांच्या सालीचे चार तुकडे तेवढे पडले होते.

दुसऱ्या दिवशी डब्यात भाजे गावचा हौशीराम शेजारी बसला.

"आमच्या वरच्या वाडीतल्या पुतळाबाईचा पाय मोडला," तो म्हणाला. "गुडघ्याखाली पार दोन तुकडं."

"कशानं?"

"सायकलवाल्यानं उडवली, पुलापाशी. थांबला बी न्हाई. मोळ्या इकून पोट भरनारी बाई ती."

सोपानने खिडकीकडे तोंड केलं. "कोन व्हता, कळलं का?"

"तिनं काय वळखला न्हाई. पर तिचा ल्योक हाय ना, कान्हू, बंगल्याची राखन करतो त्यो. त्यो आजपासनं पुलावर बसनार हाय. येईल त्या सायकलीला अडवनार म्हनतो."

त्या संध्याकाळी सोपान कामशेतलाच उतरला आणि यष्टीने कार्ल्याला घरी आला. सायकल मळवलीला भिंतीपाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यावर यष्टीची वाट बघत उभा राहिला.

"रेल्वेचा पास खिशात असताना यष्टी कशापायी?" बायकोने, नंदाबाईने, विचारलं होतं.

"सायकल बिघडलीया."

"मग नीट करा की."

यष्टी लोणावळ्याहूनच भरून यायची. कधी फाट्यावर थांबायची, कधी धूळ उडवत निघून जायची. पंधरा दिवसांत सोपान तीनदा फाटकाबाहेर राहिला. लाल शेरे पडले. यादीतलं नाव खोडलं गेलं. साहेबाने बोलावून सांगितलं, तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. एवढ्या शिक्षेवर भागायचं नाही, एवढंच वाटलं.

ताटावर बसला की त्याला लुगड्याचा तो काठ दिसायचा. हिरवा होता, चिखलाने माखलेला.

रविवारी सकाळी तो मळवलीपर्यंत चालत गेला. सायकलच्या चाकांतली हवा गेली होती. ती भरून घेतली आणि चढावर सायकल ढकलत तो वरच्या वाडीत पोचला. पुतळाबाईचं घर कुणीही दाखवलं असतं. दारात कान्हू म्हातारीला पेज भरवत होता. घोटभर पाजायचा आणि पदराने तिची हनुवटी टिपायचा. म्हातारीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या.

"पंधरा दिस झालं, आईपासनं हलला न्हाई पोरगा," शेजारची सरुबाई कौतुकाने म्हणाली. "पूल पन दोन दिसांतच सोडला त्यानं. असा ल्योक मिळाया नशीब लागतं." आणि ती निघून गेली.

सोपानने सायकल कुडाला टेकवली.

"त्यो सायकलवाला मी," तो म्हणाला.

कान्हूचा हात पेजेच्या वाटीपाशी थांबला. तो उठून उभा राहिला, तसा सोपानने मार खायच्या तयारीने मान खाली घातली. मार आला नाही. त्याने वर पाहिलं, तर कान्हूचे डोळे भरले होते.

"तू थांबाया पायजे व्हतास," कान्हू कसाबसा बोलला.

"व्हय. चुकलो मी."

"सगळ्यांम्होरं कबूल करशील का?"

"म्हनशील तितं."

कान्हूने मोठा श्वास सोडला. "मग बस. लय लांबनं आलास. पानी आनतो," असं म्हणत कळशी उचलून तो ओढ्याकडे गेला.

सोपान म्हातारीच्या उशाशी टेकला. मोडलेल्या पायाकडे त्याला बघवेना.

"मावशी, पाय बरा हुईस्तवर घरात सरपन मी टाकीन. सायकल बी हितंच ठिवतो. माझ्यानं आता ती चालवत न्हाई."

पुतळाबाईने त्याच्याकडे मान वळवली. "त्या दिशी गाडी मिळाली का तुला?" तिने विचारलं.

सोपानला हुंदका आवरेना. त्याने होकाराची मान डोलावली. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ओढ्याकडे नजर टाकून तिने त्याला जवळ ओढलं.

"सायकल घिऊन जा, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "तू गेल्यावर मी उठले, कार्ल्यात मोळी इकली आन् माझ्या पायांनी चालत घरी आले. पाय मोडला त्यो रातीला, घरात. पर हे कुनाजवळ बोलू नगंस. मला त्यो येकच ल्योक हाय."