तांदुळजा

आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेत आमच्या यंत्रानं सोयाबीनमधलं सगळं तण उपटलं, तांदुळज्याचं एक रोप मात्र उभं ठेवलं. परीक्षकानं विचारलं, “याला तण ओळखायला कोणी शिकवलं?” शिकवलं होतं माझ्या मायनं. आमच्या साखरा गावात दिवसभर लोकांची रानं खुरपून आल्यावर ती रोपांचे फोटो बघून सांगायची, “हे उपट, हे ऱ्हाऊ दे.” तसंच मी यंत्रात भरायचे. “एका मजूर बाईनं,” मी म्हणाले, “अडाणी आहे, चुकली असेल.” परीक्षक हसला, त्याच्यासोबत मी हसलेही. घरी आले, तर मायनं भाकरीसोबत तांदुळज्याची भाजी केलेली. खुरपणाऱ्या बाया ती फेकत नाहीत, ओटीत खुडून आणतात. तिच्यावरच मी वाढले. “यंत्रानं तांदुळजा राखला का?” तिनं विचारलं. “राखला.” “मंग बराबर शिकलं! सायबाला सांगितलंस, कोनी शिकवलं ते?” “सांगितलं.” तिनं कढईतली उरलेली सगळी भाजी माझ्या ताटात वाढली.