पेरूची बी

"काय काकू, बीवाली फळं लावली नाहीत ना?" तपासनीसाने बागेत शिरताच विचारलं.

घरी बी धरणं गुन्हा ठरून वीस वर्षं झाली होती. शरयूकाकूंनी नुसती मान हलवली. गावठी टोमॅटोची रोपं आणि कुंडीतला पेरू त्यांनी न्हाणीघरात लपवले होते. पण सकाळी खाल्लेल्या पेरूची बी पुढच्या दातांत अडकली होती. जिभेने टोकरून टोकरूनही ती निघेना.

"बागही मुकी, मालकीणही मुकी!" म्हणत त्याने ‘निर्दोष’ असा शेरा मारला. काकूंच्या जिवात जीव आला.

"आता दाखल्यासाठी फोटो. हसा की, दात दिसल्याशिवाय यंत्र घेत नाही!"

काकू कशाबशा हसल्या. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि हळूच फाटकाला कडी घातली.