राखीव चित्र

“मास्तर, चित्र पुन्हा गेलं!” काचेपलीकडून निर्मातीबाई ओरडल्या.

स्टुडिओतले तंत्रज्ञ मास्तर यंत्रांच्या रॅकच्या मागे शिरले. सकाळीच बसवलेले नवे कन्व्हर्टर तिथे एकावर एक रचले होते. कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून धाडता येईल अशा रूपात बदलायचं, एवढंच त्यांचं काम. पण संध्याकाळचा थेट कार्यक्रम सगळा त्यांच्यावर अवलंबून होता आणि वरचा डबा मधूनच डोळे मिटत होता.

कार्यक्रम हरवलेल्या माणसांचा होता. आजचा पाहुणा केव्हाच येऊन बसला होता, तोही रॅकशेजारच्या खुर्चीवर, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. पिकलेल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर आईचा तरुणपणचा फोटो.

“काय बिघडलंय हो?” त्यानं विचारलं.

“एकाच पत्त्यावर दोन डबे बसलेत.” मास्तरांचा आवाज तारांच्या जंजाळातून आला. “नेटवर्कवर प्रत्येकाला आपापला पत्ता लागतो. दोघांचा एकच झाला की एकमेकांना ढकलत राहतात. धड कुणाचंच चित्र दिसत नाही.”

“मग काय करता?”

“एकाला उठवतो.”

पाहुणा खळखळून हसला. “आमच्या घरी तेच होतं बघा. मी आणि धाकटा.”

मास्तरांनी एका डब्याचा पत्ता बदलला. चित्र स्थिरावलं. मग, वही तपासावी तसं सगळं दोनदा तपासायची त्यांची सवय, म्हणून त्यांनी मुख्य केबल मुद्दाम उपटली. डब्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि त्याच क्षणी आधीच भरून ठेवलेलं राखीव चित्र पडद्यावर आलं. मध्ये काळोखाची रेघसुद्धा उमटली नाही.

“पाहणाऱ्याला कळतही नाही,” निर्मातीबाई कौतुकानं म्हणाल्या. “मास्तर, तो जुना डबा तुम्ही भंगारातून घरी नेलात ना? चॅनेल काढलंत की काय?”

“काढलंय. प्रेक्षक एकच आहे.”

सगळे हसले. मास्तर वर्षाकाठी एखादाच विनोद करत.

तेवढ्यात घरून फोन आला. मास्तरांच्या घरी आजारपण होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांभाळणाऱ्या बाई कुरकुरत होत्या, “ताट तसंच पडलंय, साहेब. आधी टीव्ही लावा म्हणून हट्ट चाललाय.”

“लावा. बघू द्या,” मास्तर हळुवारपणे म्हणाले. “मी आहे ना.”

मग ते माईक घेऊन पाहुण्याच्या पाठीशी उभे राहिले.

“पायाला भिंगरी लावून शोधलं,” पाहुणा सांगू लागला. माणूस मुळातच बोलका होता. “मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं, जहाजावर गेलो. परतलो तर दाराला परक्याचं कुलूप. शेजारीण म्हणाली, धाकट्यानं आईला नेलं, पत्ता काही ठेवला नाही. विसरला असेल. होताच तसा. दिवस दिवस तोंड उघडायचा नाही, म्हणून आम्ही त्याला घुम्या म्हणायचो. एकदा त्याला अडगळीच्या खोलीत कोंडलं आणि साफ विसरून गेलो! दिवेलागणीला आठवण झाली. बाहेर काढला तर घामानं निथळतोय, पण तोंडातून शब्द नाही. आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.”

“हात जरा वर घ्या,” मास्तर म्हणाले. त्यांनी वायर शर्टाआड नीट सारली.

पाहुण्याचा आवाज उतरला. “टीव्हीवर गर्दी दिसली की आई पुढे सरकायची म्हणे. गर्दीत मला शोधायची. म्हणून इथे आलो. डॉक्टरांनी हात टेकलेत माझ्या दुखण्यापुढे. तिनं एकदा पाहिलं की सुटलो. ती असेल तर बघेल ना हो?”

“तुमचं चित्र घरोघरी जाईल,” मास्तर म्हणाले. “ते माझ्याकडे लागलं.”

थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. मास्तरांनी लॅपटॉपवर एकेक डब्याचा पत्ता उघडून पाहिला; सगळीकडे हिरवं. शेवटी स्टुडिओच्या यादीबाहेरचा आणखी एक पत्ता उघडला, एक टिचकी मारली आणि झाकण मिटलं.

चित्र नितळ होतं. पाहुण्याच्या पापणीशी अडलेलं पाणीही स्पष्ट दिसत होतं. “आई, मी आहे गं,” तो कॅमेऱ्याला म्हणाला. “चुकलो. एक हाक मार, असशील तिथे येतो.” निर्मातीबाईंनी डोळे पुसले. फोन पुष्कळ वाजले, पण सगळे हळहळणाऱ्यांचे.

निघताना पाहुण्यानं मास्तरांचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर माझं चित्र गेलंच नसतं.”

“आशा सोडू नका,” मास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बाईंना निरोप दिला, चपला भिंतीशी जुळवून ठेवल्या. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता: बागकामाचा कार्यक्रम, फार जुना. टीव्हीखालच्या, भंगारातून आणलेल्या डब्यावर पिवळा दिवा जळत होता. मास्तरांनी वाकून बटण दाबलं. दिवा हिरवा झाला, बातम्या लागल्या, पडद्यावर कसल्याशा मोर्चाची गर्दी लोटली.

खाटेवरची म्हातारी कोपरांवर रेलत पुढे सरकली. गर्दी सरेपर्यंत पाहत राहिली. मग तिनं मान उशीवर टाकली आणि अंधुक डोळे मिटत मास्तरांचा हात चाचपला.

“आजही नाही दिसला. आईची आठवण म्हणून नाही मेल्याला,” ती म्हणाली. “तू आहेस म्हणून दिवस जातात रे, घुम्या.”