आयाळीची फणी

"अहो, टेका की जरा," बायको म्हणाली, पण म्हाताऱ्याचं बूड खुर्चीला लागेना. तळहाताच्या फोडासारखी जपलेली घोडी त्याने पोलोवाल्यांना विकली होती आणि वर्षभराने आज तिचा सामना बघायला दोघं आले होते. तिची आयाळ विंचरायची फणीही त्याच्या खिशात होती. पण इथे सगळ्याच घोड्यांच्या आयाळी भादरलेल्या, शेपट्या बांधलेल्या, ओळखायची कशी? बायकोनेच सुचवलं, "शीळ घाला ना. तुमच्या शिळेवर ती पळता पळता जागीच थांबायची." त्याने दोन बोटं ओठांशी नेली, तोच आठही घोडे एकमेकांना खेटून कुंपणालगत सुसाट आले. मधल्या एका घोडीचा कान त्याच्याकडे वळला. हीच ती. आता जागीच थांबली, तर पाठीवरचा स्वार मागच्यांच्या टापांखाली जाणार. शीळ मात्र जिभेवर येऊन बसली होती. त्याने झटकन फणी काढली आणि दातांत धरली.